मेलेलं हाड कोसळतं कधी?

तीन रुग्ण. तिघंही चाळिशीच्या आतले. तिघांना कोविड होऊन गेलेला, उपचारांत तिघांना स्टिरॉइड दिलेलं, आणि आजारातून उठून माणसांत येतात न येतात तोच तिघांचाही खुबा दुखायला लागलेला. अशा दुखण्याला एरवी आपण 'उसण भरली' म्हणतो, बाम चोळतो, गरम पाण्याची पिशवी घेतो आणि महिना-दोन महिने काढतो. या तिघांनी तसं केलं नाही, कारण तिघं स्वतः डॉक्टर होते. दुखणं कुठून येतंय याचा अंदाज आला तसे ते तातडीने मुंबईत, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात पोचले.

तिथे अस्थिरोग विभागाचे प्रमुख डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं निदान सरळ होतं: अॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रोजच्या बोलण्यात 'एव्हीएन'. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा असतो. तो खुब्याच्या उखळीत फिरतो. त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता आणि आतलं हाड मरायला लागलं होतं. निदानात नवं काही नव्हतं. स्टिरॉइडने असं होतं हे वैद्यकाला दशकानुदशकं ठाऊक आहे.

नवे होते ते आकडे, आणि ते जुळत नव्हते. तोवरच्या वैद्यकीय साहित्यात एव्हीएनला कारण ठरणारा स्टिरॉइडचा एकूण डोस साधारण २००० मिलिग्रॅमच्या घरात होता. या तिघांचा डोस प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सरासरी ७५८ मिलिग्रॅम भरत होता, आणि एकाचा तर फक्त ४००. शिवाय स्टिरॉइड घेतल्यावर दुखणं वर यायला सहा महिने ते वर्ष लागतं असं पुस्तकं सांगत होती. इथे कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत माणूस लंगडत आला होता. औषध निम्म्याहून कमी आणि रोग तिप्पट घाईचा.

जुलै २०२१ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात हे तीन रुग्ण छापून आले. लिहिणारे अगरवाला, मयंक विजयवर्गीय आणि प्रशांत पांडे. तीन रुग्णांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे कोणीही सांगेल. पण या तिघांच्या मागे अगरवालांच्या हातची दोन दशकांची एक गोष्ट होती, आणि त्या गोष्टीच्या मागे आणखी दोनशे वर्षांची.

कोविडचा तो काळ आठवून पाहा. एप्रिल २०२१ मध्ये इथे नाशिकला, द्वारकेजवळ काठे गल्लीतल्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ तारखेला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या एका दुपारी २२ रुग्ण गेल्याचं जाहीर झालं. बाकीच्या शहरात लोक रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी रांगा लावत होते, खाटेसाठी रात्रभर फोन करत होते. त्या धांदलीत वीस वर्षांनी कोणाचा खुबा कसा असेल, याचा विचार करायला कोणाला उसंत होती? डेक्सामेथासोनच्या गोळीने आणि मिथाइलप्रेडनिसोलोनच्या इंजेक्शनने जीव वाचत होते, हेही तितकंच खरं. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जाहीर झाला होता: रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशाने.

आता जरा गणित करा. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. दहा दिवसांचे झाले ४००. हिंदुजाच्या तिघांमधला सर्वांत लहान डोस नेमका तेवढाच होता. म्हणजे ज्या मापाला जगभर सुरक्षित आणि जीवदायी मानलं गेलं, त्या मापाच्या औषधानंतरही खुबा जाऊ शकतो, अशी शंका त्या निबंधाने टेबलावर ठेवली. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत किती जणांना याच्या दुप्पट-तिप्पट, आणि तेही ऑक्सिजनची गरज नसताना, दिलं गेलं, ते ज्याचं त्याला माहीत.

पण शरीरात दोनशेच्या वर हाडं असताना नेमकं हेच टोक का? याचं उत्तर त्या हाडाच्या घडणीतच आहे.

मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब हाड. गुडघ्याकडून वर येताना ते सरळ येतं आणि खुब्याजवळ आतल्या बाजूला कलतं. या कललेल्या भागाला मान म्हणतात. दांडा आणि मान यांच्यात प्रौढ माणसात साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. मान जिथून फुटते तिथे बाहेरच्या अंगाला एक मोठा उंचवटा आहे. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तो हाच, आणि बहुतेक लोक त्यालाच खुबा समजून हात लावून दाखवतात. खरा सांधा त्याच्या बराच आत, जांघेच्या मागे आहे. म्हणूनच खुब्याचं खरं दुखणं बाजूला नाही, जांघेत जाणवतं. कधी मांडीच्या पुढच्या अंगाला उतरतं, तर कधी गुडघ्यात. गुडघ्याचे एक्स-रे काढत बसलेले खुब्याचे रुग्ण प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञाने पाहिलेले असतात.

मानेच्या टोकावर गोळा. चालताना या गोळ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. इतका भार घेऊन तो गुळगुळीत फिरला पाहिजे, म्हणून त्याच्यावर सगळीकडून चकचकीत कूर्चा चढवलेली असते. आणि घोटाळा इथेच आहे. कूर्चेतून रक्तवाहिनी आत जाऊ शकत नाही. भोक पाडलं तर घर्षण वाढणार. मग आतल्या जिवंत हाडाला रक्त कुठून पोचवायचं? गोळा जिथे मानेला चिकटतो त्या कडेवरून. दुसरी वाट म्हणजे गोळ्याच्या मध्यावरची एक लहानशी खाच, जिथून एक अस्थिबंध निघतो. पण त्यातून येणारी धमनी मोठेपणी नावापुरतीच उरते. खरी मदार एकाच धमनीवर. मांडीला आतून वळसा घालून ती सांध्याच्या मागे येते, आणि तिच्या बारीक फांद्या मानेच्या वरच्या-मागच्या अंगावरून, हाडाला अगदी लगटून, गोळ्यात शिरतात. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात त्या द्वारका चौकात एखादा ट्रक आडवा झाला, की नाशिकरोडकडून निघालेला माणूस पंचवटीत वेळेवर पोचत नाही. तरी द्वारकेला वरून उड्डाणपूल आहे. मांडीच्या गोळ्याला तोही नाही.

ही गोष्ट माणसाला कळली ती उलट्या दिशेने, म्हणजे रक्त न पोचल्याचे परिणाम आधी दिसले आणि रक्तवाहिनी नंतर.

लंडनचे सर अॅस्टली कूपर हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नावाजलेले शल्यविशारद. हात निष्णात, आणि मृतदेह मिळवण्याच्या बाबतीत विधिनिषेध कमी. थडगी उकरून प्रेतं विकणाऱ्यांशी त्यांचा व्यवहार होता आणि १८२८ साली संसदेच्या समितीपुढे त्यांनी तो लपवलाही नाही. मनात आणलं तर कोणाचंही प्रेत मला मिळू शकतं, असं सांगून मोकळे झाले. या प्रेतांमध्ये म्हातारपणी पडून खुबा मोडलेल्या बायका-पुरुषांची हाडंही असत. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'खुबा मोडणे' या अपघातात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कूपर यांनी ती हाडं हातात घेऊन ओळखलं. मोड सांध्याच्या पिशवीबाहेर, उंचवट्याजवळ असली तर हाड जुळतं. पिशवीच्या आत, मानेवर असली तर जुळत नाही. वर्षानुवर्षं तसंच राहतं. १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या सांधे निखळणे आणि अस्थिभंग यांवरच्या ग्रंथात त्यांनी याचं कारणही दिलं: मोडीबरोबर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. धमनी कोणती, ती कुठून जाते, याचा नकाशा त्यांच्याजवळ नव्हता. पण निकाल बरोबर होता. समकालीनांनी त्यांच्याशी यावर कडाडून वाद घातला, तरीही.

नकाशा यायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि तो काढणारा माणूस निर्वासित होता. जोसेप त्रुएता हे बार्सिलोनातले शल्यविशारद. स्पेनच्या यादवी युद्धात बॉम्बहल्ल्यांत जखमी झालेल्यांवर त्यांनी ज्या पद्धतीने उपचार केले, तिने कितीतरी हातपाय कापायचे वाचले. फ्रँकोची फौज बार्सिलोनात शिरली आणि १९३९ साली त्रुएता इंग्लंडला आले. पुढे ऑक्सफर्डला अस्थिशल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. तिथे एम. एच. एम. हॅरिसन यांच्याबरोबर त्यांनी मृतदेहांच्या धमन्यांमध्ये एक्स-रेवर दिसणारं द्रव्य भरलं आणि गोळ्यांचे पातळ काप घेऊन आतली एकेक रक्तवाहिनी मोजली.

१९५३ च्या त्यांच्या निबंधातली चित्रं आजही पाहावीत अशी आहेत. मानेच्या वरच्या कडेवरून आलेल्या दोन-चार वाहिन्या गोळ्यात शिरताच वळतात, कमान धरतात, आणि कमानीतून कमान फुटत कूर्चेच्या अगदी खालपर्यंत पंख्यासारख्या पसरतात. गोळ्याचा बहुतांश भाग या एका गटावर जगतो. खालून येणाऱ्या वाहिन्या मानेलाच पुरतात. त्रुएतांनी १९५७ साली मुलांच्या खुब्याचाही असाच अभ्यास केला आणि लहान वयात काही वर्षं अशी असतात की गोळ्याला फक्त वरच्या कडेचीच वाट उरते, असं दाखवलं. शाळकरी मुलांना होणाऱ्या 'पर्थेस' रोगाचं कोडं त्यामुळे काहीसं उलगडलं.

दुसरं एक रहस्य याच टोकात आहे, पण त्याची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती फार वेळा सांगून झाली आहे. १८६६ च्या सुमारास झ्युरिकमध्ये हेर्मान फॉन मायर हे शरीररचनातज्ज्ञ या हाडाचा उभा छेद दाखवत होते. आतलं हाड भरीव नसतं. बारीक तुळयांची जाळी असते आणि त्या तुळया ठरावीक वळणांनी जातात. कार्ल कुल्मान हे पुलांचे आणि यारींचे गणित शिकवणारे अभियंते तिथे होते. त्यांना त्या तुळयांत आपण यारीसाठी आखलेल्या ताण-दाबाच्या रेषा दिसल्या. गोष्टीत नंतर बराच मीठमसाला पडला आहे, पण मुद्दा टिकला: जिथून भार जातो तिथे हाड स्वतःला रचतं, आणि भार बदलला की रचनाही बदलते. १८९२ साली बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी हा नियम म्हणून मांडला. याचा अर्थ असा की हाड ही बांधून संपलेली वस्तू नाही. तिथे रोज पाडकाम चालतं आणि रोज बांधकाम. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या.

हे पाडकाम लक्षात ठेवा. पुढचा सगळा खेळ त्याचाच आहे.

१९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. दोनच वर्षांत नोबेल मिळालं. आणि १९५७ साली इटलीतून पहिली बातमी आली: दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या एका रुग्णाच्या खुब्याचे गोळे बसले. त्यानंतर अशा बातम्यांना खंड पडला नाही. मूत्रपिंड बदललेले, ल्युपसचे, दम्याचे रुग्ण. २००३ साली चीनमध्ये सार्सची साथ आली तेव्हा जीव वाचवायला भरमसाट स्टिरॉइड दिलं गेलं, आणि साथ ओसरल्यावर खुबे गेलेल्या तरुणांची, त्यांतल्या अनेक परिचारिका आणि डॉक्टरांची, वेगळीच साथ उभी राहिली. स्टिरॉइड नेमकं काय करतं? मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात आणि बंद हाडात दाब वाढतो. चरबीचे कण आणि गुठळ्या बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडाच्या पेशी थेटही मरतात. एकट्या वाटेवर जगणाऱ्या गोळ्याला यातलं एकही पुरतं.

आता मूळ प्रश्न. हाड मेलं, म्हणजे ते लगेच कोसळलं पाहिजे ना?

नाही. इथे सामान्य बुद्धी साफ फसते. मेलेलं हाड म्हणजे पेशी गेलेलं हाड; त्यातला चुना, त्यातल्या तुळया जिथल्या तिथे असतात आणि जवळपास तितकाच भार पेलतात. म्हणून सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, आणि 'काही नाही, व्यायाम करा' असं ऐकून रुग्ण घरी जातो. एमआरआयवर मात्र मेलेल्या भागाची सीमा स्पष्ट उमटते. तुलूझच्या पॉल फिका आणि जाक आर्ले यांनी या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या, त्यांत ही पहिली पायरी.

मग शरीर दुरुस्तीला निघतं. शेजारच्या जिवंत भागातून नव्या रक्तवाहिन्या मेलेल्या भागाच्या कडेत शिरतात, आणि त्यांच्याबरोबर पाडकाम करणाऱ्या पेशी येतात. त्या जुन्या, मेलेल्या तुळया खायला लागतात. बांधणाऱ्या पेशी मागून येतात, पण त्यांचा वेग कमी. एक टप्पा असा येतो की जुनं गेलेलं असतं आणि नवं उभं राहिलेलं नसतं. नेमक्या त्याच वेळी वरून पावलागणिक अडीच पट भार पडत असतो. कूर्चेच्या खालची पातळ पापडी मोडते. एक्स-रेवर गोळ्याच्या माथ्याशी चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते. ती दिसली की गोळा बसला. गोल होता तो चपटा झाला, उखळीत अडायला लागला, आणि पुढे सांधा बदलण्याखेरीज फारसं हातात उरत नाही.

म्हणजे गोळा मरणाने पडत नाही, दुरुस्तीने पडतो.

हे वाक्य पहिल्यांदा समजलं की उपचाराची दिशाच पालटते. मेलेल्याला जिवंत करण्याआधी पाडकाम करणाऱ्यांना थोपवा. आणि त्यांना थोपवणारं औषध तेव्हा दुकानात होतंच, पण दुसऱ्याच कामासाठी. बिस्फॉस्फोनेट या जातीची द्रव्यं मूळची कारखान्यातली. पाण्याच्या नळांत क्षार साचू नयेत म्हणून वापरली जाणारी. स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की त्यांच्यासारखी द्रव्यं हाडातल्या चुन्याला घट्ट चिकटतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना जेरीस आणतात. त्यांच्यातलंच अॅलेंड्रोनेट १९९५ साली अमेरिकेत ठिसूळ हाडांच्या उपचारासाठी मंजूर झालं. आपल्याकडेही पाळी गेलेल्या बायकांना ते लिहून दिलं जात होतं.

ते औषध तरुण माणसाच्या मरत्या खुब्याला देऊन पाहावं, हे जगात ज्यांनी सर्वांत आधी केलं त्यांत हिंदुजातला हा गट होता. अस्थिशल्यविशारद अगरवाला आणि संधिवाताचे जाणकार डॉ. व्ही. आर. जोशी यांची जोडी इथे महत्त्वाची ठरली. २००२ साली त्यांचं पहिलं छोटं टिपण 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या ब्रिटिश नियतकालिकात आलं. २००५ साली ६० रुग्णांच्या १०० खुब्यांचा अभ्यास आला. २००९ साली ३९५ खुब्यांचा, आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेला. वेदना घटल्या, चालणं सुधारलं, शस्त्रक्रिया लांबली, असा त्यांचा दावा होता.

दावा म्हणतो, कारण या अभ्यासांमध्ये औषध न दिलेला, तुलनेसाठीचा गट नव्हता. ती उणीव तैवानमध्ये भरून निघाली, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी. तिथल्या २००५ च्या एका चाचणीत अॅलेंड्रोनेट घेतलेल्या २९ खुब्यांपैकी दोनच बसले. न घेतलेल्या २५ पैकी १९ बसले. इतका लखलखीत निकाल वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो. आणि २०१२ साली तैवानच्याच अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या दुसऱ्या चाचणीत औषध आणि नुसती साखरेची गोळी यांत फरक निघाला नाही. तज्ज्ञ आजही यावर एकमताने बोलत नाहीत. माझं मत विचाराल तर असं: आधीच्या पायरीवर, म्हणजे गोळा अजून गोल असताना आणि मेलेला भाग लहान असताना, या औषधाला संधी आहे, चंद्रकोर दिसल्यावर ते उशीर झालेल्या पाहुण्यासारखं आहे. आणि त्याला स्वतःच्या अटी आहेत. आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिका सोलून निघते. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगायचं, कारण हेच औषध दीर्घकाळात क्वचित जबड्याचं हाड मारतं. खुब्याला ज्यापासून वाचवायचं, तेच जबड्याला.

या पार्श्वभूमीवर ते तीन डॉक्टर हिंदुजात आले. दुसरीकडे कदाचित त्यांना पेनकिलर मिळाली असती. इथे मात्र वीस वर्षं ज्यांनी हाच रोग पहिल्या पायरीवर पकडायचा ध्यास घेतला होता, ती माणसं समोर होती. डोस लहान असूनही मुदत इतकी कमी का, याचं त्यांनी दिलेलं उत्तर सावध आहे आणि मला ते पटतं: घाव एकटा स्टिरॉइडचा नसावा. कोविड रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो आणि गुठळ्या करतो. आधी विषाणूने वाट अरुंद केली आणि मग औषधाने उरलेली बुजवली, असं काहीसं. निबंधाचा आग्रह एवढाच होता की लवकर ओळखा आणि लवकर बिस्फॉस्फोनेट सुरू करा. पुढच्या वर्षभरात मुंबई-पुण्यापासून देशभर अस्थिरोगतज्ज्ञांकडे असे रुग्ण येत राहिले आणि तीन रुग्णांची ती शंका अनाठायी नव्हती हे दिसलं.

ओळखायचं कसं, तेही सांगतो, कारण यंत्राआधी हाताने कळतं. रुग्णाला उताणं झोपवायचं. खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवायचे. मग गुडघा जागेवर ठेवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचं, म्हणजे वर खुब्यात गोळा आतल्या दिशेने वळतो. निरोगी माणसात तो सहज वळतो. एव्हीएनच्या रुग्णात थोडं वळताच तो दचकतो आणि जांघेत हात नेतो. घरच्या घरी रुग्णाला जे आधी कळतं ते याहून साधं: पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, सॉक्स घालायला पाऊल मांडीवर घेता येत नाही, मोटरसायकलवर टांग टाकताना कळ येते.

कोविडची लाट ओसरली, पण स्टिरॉइड कुठे गेलं नाही. दम्याला, त्वचारोगाला, संधिवाताला ते लागतंच आणि योग्य हातात ते अमृत आहे. कोणीही हा लेख वाचून चालू असलेली गोळी मनाने थांबवू नये, अचानक थांबवणं जिवावर बेततं. भीती आहे ती हिशेबाबाहेरच्या स्टिरॉइडची: सांधेदुखीवर 'रामबाण' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पुन्हा पुन्हा आणलेली पाकिटं. रोजची दारू हे दुसरं मोठं कारण. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल हे तिसरं. तिथे कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशीच ती एकटी वाट बुजवतात, आणि खुबा विशीतच जातो.

तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांत कधीही, कुठल्याही आजारासाठी स्टिरॉइड घेतलं असेल आणि जांघेतलं दुखणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नसेल, तर डॉक्टरांना औषधाचं नाव आणि दिवस आठवून सांगा, डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका; एमआरआय करायचा का, हे स्वतःहून विचारा. आणि करायचा झाला तर दोन्ही खुब्यांचा करा, कारण हा रोग पुष्कळदा दुसऱ्या बाजूला, अजून न दुखणाऱ्या गोळ्यातही असतो.